डच अधिकाऱ्याचा ग्रंथ, कोकणी वैद्यांची माहिती. मग श्रेय कोणाचं?

कोकणात पोट बिघडलं की जुनी माणसं कुड्याच्या सालीचं नाव काढतात. त्याच कुड्याचं चित्र १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलं गेलं. ग्रंथ होता 'हॉर्टस मलाबारिकस', म्हणजे मलबारची बाग. त्यावर नाव आहे हेंड्रिक व्हॅन ऱ्हीडे या डच अधिकाऱ्याचं.

आरोंद्याजवळच्या वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची ती वखार, तिच्याच नोकरीत व्हॅन ऱ्हीडे होता. १६७० च्या दशकात तो कोचीत मलबारचा प्रमुख होता. तो वनस्पतीशास्त्र शिकलेला नव्हता. पण कंपनी आपल्या माणसांसाठी युरोपातून महागडी औषधं मागवते आणि त्यातली कित्येक मुळात आशियातल्याच झाडांची असतात, हे त्याला खटकलं. मग त्याने माणसं जंगलात पाठवली, चित्रकार बसवले, वैद्यांना बोलावलं. १६७८ ते १६९३ या काळात १२ खंड निघाले आणि ७००हून अधिक वनस्पतींची नोंद झाली. शेवटचा खंड बघायला तो नव्हता. १६९१ मध्ये सुरतेकडे जाताना मुंबईजवळ समुद्रात त्याचा मृत्यू झाला. कबर सुरतेत आहे.

माहिती दिली कोणी? एक होते इट्टी अच्युतन, चेर्तला भागातले एळवा समाजातले वैद्य. दुसरे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. हे तिघे कोचीतले कोकणी ब्राह्मण. पोर्तुगीजांच्या छळामुळे गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या समाजातले. हा गोवा आरोंद्याहून तेरेखोल नदी ओलांडली की लागतो. म्हणजे जगाला वनस्पती शिकवणाऱ्या या ग्रंथात आपल्या बाजूची भाषा आहे. चित्रांवर लॅटिन, मल्याळम आणि अरबीसोबत नागरी लिपीतही नावं आहेत. आजच्या भाषेत, डेटाबेस चार लिप्यांत.

व्हॅन ऱ्हीडेने एक गोष्ट नीट केली, आणि त्यासाठी त्याला मानायलाच हवं. १६७५ च्या एप्रिलमध्ये वैद्यांनी लिहून दिलेले दाखले त्याने पहिल्याच खंडात छापले. तिघांचा दाखला कोकणीत, नागरी लिपीत आहे. त्यामुळे साडेतीनशे वर्षांनीही ही नावं आपल्याला कळतात. झाडावर चढून फांद्या तोडणाऱ्यांची नावं मात्र त्यातही नाहीत.

पुढे लिनियसने या ग्रंथावर विश्वास ठेवून अनेक झाडांना शास्त्रीय नावं दिली. मल्याळम नावं त्यातून जगभर गेली. वैद्य विस्मरणात गेले. प्रा. के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली अनेक दशकं देऊन इंग्रजी आणि मल्याळम आवृत्त्या काढल्या, तेव्हा केरळात इट्टी अच्युतन पुन्हा चर्चेत आले. तीन कोकणी वैद्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्यांची नावं आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला काय हरकत आहे?

प्रश्न फक्त इतिहासाचा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तिच्या नमुन्यात गावातल्या वैदूंसाठी वेगळा तक्ता आहे. आपल्या गावच्या वहीत तो तक्ता भरलाय का, आणि त्यात कोणाची नावं आहेत, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारता येतं.