बांगलादेश सीमा : तारेचे कुंपण आणि बाजारभाव

भारत आणि बांगलादेश यांच्यातील ४,०९६ किलोमीटरांच्या सीमेवर तारेचे कुंपण पूर्ण झाले म्हणजे घुसखोरी आणि तस्करी हे दोन्ही प्रश्न निकालात निघतील, ही समजूत आपल्याकडे चार दशके टिकून आहे. १९८५ च्या आसाम करारात सीमेवर अडथळे उभारण्याचे आश्वासन देण्यात आले, दुसऱ्याच वर्षी कुंपणाचा पहिला टप्पा मंजूर झाला आणि आजवर ३,२०० किलोमीटरांहून अधिक सीमा बंदिस्त झाली. उरलेला भाग बहुतांशी नदीपात्रांचा, दलदलीचा किंवा ताब्यात न आलेल्या जमिनीचा आहे. एवढे होऊनही चोरटा व्यापार आटला नाही. त्यातील जिन्नस तेवढे बदलत गेले.

गुरांचेच उदाहरण घ्यावे. भारतातून कत्तलीसाठी गुरे बाहेर नेण्यास कायद्याने मुभा नव्हती, आणि पलीकडे तर किरकोळ शुल्क भरताच आलेले जनावर कायदेशीर ठरत असे. अलीकडे भाकड म्हणून टाकून दिलेल्या बैलाला पलीकडे कित्येक पट किंमत येत होती. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन गृहमंत्री राजनाथसिंह यांनी सीमेवर जाऊन ही वाहतूक पूर्णतः थांबविण्यास जवानांना बजावले. बंदोबस्ताचा परिणाम झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि निर्णायक गोष्ट घडली ती पलीकडच्या बाजारात. मांसाचे भाव चढले, तेथील शेतकऱ्यास गुरे पोसणे परवडू लागले आणि काही वर्षांतच ईदची गरज प्रामुख्याने देशी गुरांवर भागू लागली. नफा मोठा असेल तेथे पहारेकरीही मोहातून सुटत नाहीत. २०२० मध्ये गुरांच्या तस्करीच्याच प्रकरणात सीमा सुरक्षा दलाच्या एका कमांडंटला केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली होती.

सोन्याचा प्रवास उलट दिशेचा. भारतातील आयात शुल्क जेवढे चढे, तेवढी बांगलादेशातून सोने चोरून आणण्यातील कमाई मोठी. २०२४ च्या अर्थसंकल्पात हे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणताना सरकारने हेच गणित अप्रत्यक्षपणे मान्य केले, असे म्हणावे लागेल. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधावर बांगलादेशाने १९८२ मध्ये बंदी घातली. भारतात ते औषध म्हणून विकले जात राहिले आणि पलीकडे नशा म्हणून पोहोचत राहिले. अशा स्थितीत एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात थांबविली आणि मे महिन्यात भारताने तेथील तयार कपड्यांना भू-बंदरांची दारे बंद केली. परस्परांना शिक्षा करण्याच्या भरात दोन्ही सरकारांनी चोरट्या वाटांचेच मोल वाढविले.

मजुरी हाही एक भावच आहे. ती मिळविण्यासाठी येणाऱ्या अकुशल मजुराला कायदेशीर परवान्याची वाट नसल्याने तो दलालाच्या हाती सापडतो, आणि परतीचा मार्गही त्याला दलालाकडूनच विकत घ्यावा लागतो. जानेवारी २०११ मध्ये कुंपणावर गोळी लागून मरण पावलेली पंधरा वर्षांची मुलगी भारतात शिरत नव्हती. ती भारतातून आपल्या गावी, स्वतःच्या लग्नासाठी, परत निघाली होती. घुसखोरीच्या चर्चेत या परतणाऱ्यांचा विचार सहसा होत नाही.

परक्या नागरिकास शोधून परत पाठविण्याचा राज्याचा अधिकार निर्विवाद आहे. अडचण ओळखीची आहे. रॅडक्लिफच्या रेषेने बंगाल तोडला, बंगाली भाषा तोडली नाही. तेव्हा बोलीवरून राष्ट्रीयत्व ठरविणे हा घातक आळस होय. महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईतून बंगाली बोलणाऱ्या जरीकामगारांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने हावड्याकडे नेण्यात आले, तेव्हा उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांची सुटका केली. त्यातून शासनयंत्रणेने फारसा धडा घेतलेला दिसत नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून उचललेल्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले, आणि ते पश्चिम बंगालचे रहिवासी असल्याचे त्या राज्याने दाखवून दिल्यावर परत आणावे लागले.

कागद बनावट असू शकतात, ही पोलिसांची तक्रार खोटी नाही. आसामात १९ लाखांहून अधिक लोकांना ऑगस्ट २०१९ च्या नागरिक नोंदणीतून वगळण्यात आले, आणि त्या यादीवर तिची मागणी करणाऱ्यांचेही समाधान झाले नाही. पण मजुराचे गाव, ग्रामपंचायत, शाळा आणि पोलीस ठाणे जागच्या जागी असतात. मुर्शिदाबादच्या जिल्हाधिकाऱ्याकडे चौकशी करून उत्तर मिळेपर्यंत थांबणे, आणि तोवर त्या माणसाला न्यायालयासमोर उभे करणे, हे काम जून २०२५ मध्येही करता आले असते. ते झाले, पण माणसे पलीकडे गेल्यानंतर.