ऐकणाऱ्यांचे सीमोल्लंघन

आज विजयादशमी. ज्यांच्या घरी गाणे आहे त्यांनी काल खंडेनवमीला तंबोऱ्याची खोळ उतरवली असेल, पेटी आणि तबला-डग्गा पुसून त्यावर हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली असतील. आज पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती उमटेल. संध्याकाळी मुले आपट्याची पाने घेऊन शेजारीपाजारी सोने द्यायला जातील, आणि कुठल्या तरी घरातली आजी त्यांतल्या एखाद्या गाणाऱ्या मुलीला जवळ बसवून ‘म्हण बघू एखादं’ असे म्हणेलच. मुलगी गाते, आपण ऐकतो, आणि शेवटची ओळ संपता संपता आपले मत तयार झालेले असते. विद्येच्या या सणाला वाद्यांची पूजा होते, पुस्तकांची होते, हत्यारांची होते. ज्या कानांच्या भरवशावर गाणारा गातो, त्या कानांकडे मात्र आपले वर्षभर लक्ष जात नाही. म्हणून आजच्या मुहूर्तावर गाणाऱ्यांविषयी नव्हे, तर ऐकणाऱ्या आपल्याविषयी चार शब्द.

गेल्या तीन दशकांत आपल्या ऐकण्याला वळण लावण्यात दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धांचा वाटा फार मोठा आहे. १९९५ साली झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले, सोनू निगम नावाचा तरुण सूत्रसंचालन करू लागला, आणि संगीतातली मोठमोठी माणसे परीक्षक म्हणून समोर बसली. तेव्हा प्रेक्षकाचे काम फक्त ऐकण्याचे होते, निकाल जाणकारांच्या हाती होता. २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ आले आणि निकालाची किल्ली आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये आली. पुढच्या वर्षी मुंबईचा अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला तेव्हा मराठी घरांत झालेला आनंद आपल्याला आठवत असेल. त्या दिवसापासून घरात बसून बोललेले मत आणि निकालपत्रावरचे मत यांच्यातले अंतर संपले. हा बदल आपण आनंदाने स्वीकारला, आणि त्यात गैर काही नाही. पण हाती अधिकार आला की त्याच्याबरोबर व्रतही येते, एवढे आपल्या परंपरेने आपल्याला शिकवलेले आहे.

मराठीत या अधिकाराची खरी कसोटी लागली ती ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’च्या २००८-०९ च्या पर्वात. पल्लवी जोशी यांचे सूत्रसंचालन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक, आणि आकड्यांऐवजी सुरांनी दिलेले गुण. कोणाला ‘ध’, कोणाला ‘नि’, आणि गाणे अगदी भरून आले तर ‘वरचा सा’. तो ‘वरचा सा’ मिळावा म्हणून सोफ्यावरच्या आजोबांनी हात जोडावेत आणि कमी गुण मिळाले तर स्वयंपाकघरातून आईने परीक्षकांवर रागवावे, अशी ती संध्याकाळ होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन ही पाच मुले महाराष्ट्राची ‘पंचरत्ने’ झाली. एवढ्या वर्षांनंतरही त्यांची नावे आपल्याला शोधावी लागत नाहीत.

त्या पाचांविषयी प्रत्येक घराचे स्वतःचे मत होते, आणि ते आजही आहे. या स्तंभाचेही आहे. आर्याचा गळा त्यांच्यात सर्वांत तयार होता. आई श्रुती आंबेकर यांच्याकडची तालीम तिच्या आवाजात दिसत नसे, विरघळलेली असे. एखादी बारीक मुरकी ती अशी घेई की ती घेतली हे आपल्याला पुढच्या ओळीत कळावे. प्रथमेशने अभंग आणि नाट्यपद धरले की त्यामागे कोकणातल्या भजनाची सारी श्रद्धा उभी राही, आणि एवढ्याशा मुलाच्या गाण्यात तो ठहराव कुठून आला, असे थोरांनी एकमेकांना विचारावे. रोहितमध्ये धिटाई होती. तो मराठी गाण्यात नव्या काळाची लय घेऊन आला, आणि ती अनेक वडीलधाऱ्यांना पहिल्यांदा पटली ती त्याच्यामुळे. मुग्धा सर्वांत धाकटी, सगळ्यांची लाडकी ‘मॉनिटर’. तिच्या गोडव्याविषयी इतके बोलले गेले की ती लयीला किती पक्की आहे याकडे पुष्कळांचे दुर्लक्षच झाले. आणि कार्तिकी! तिचा आवाज दिंडीतून आलेला होता. तो खुला, पल्लेदार, माइक नसता तरी मागच्या रांगेपर्यंत पोहोचला असता असा. वडील कल्याणजी गायकवाड यांच्याकडून आलेली वारकरी गायकी शहरी दिवाणखान्यात तशीच्या तशी, कसलीही इस्त्री न करता, तिने ऐकवली. २००९ च्या फेब्रुवारीत तिच्या नावाची घोषणा झाली तेव्हा घराघरांत वाद झाले. गळ्याची तयारी पाहणाऱ्यांना आर्या हवी होती, अभंगात रमणाऱ्यांना प्रथमेश हवा होता. पण त्या निकालात महाराष्ट्राने एका सुराला दिलेली ओळखही होती. गवळण आणि अभंग हे नुसते एकादशीचे गाणे नाही, ते स्पर्धेच्या शेवटच्या रात्रीचेही गाणे होऊ शकते, हे तेव्हा लाखो घरांनी मान्य केले. म्हणूनच आपली पहिली पसंती आर्याला असूनही तो निकाल योग्य होता, असे आज म्हणता येते.

असे वाद आपल्याकडे नवे नाहीत. १९२१ च्या जुलै महिन्यात मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. एकीकडे ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत, दुसरीकडे गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन अनभिषिक्त राजे एकाच रंगमंचावर आले. प्रेक्षक कोणाच्या ना कोणाच्या बाजूचा होऊनच आत शिरला होता. केशवरावांचा तडफदार, उंच चढणारा आवाज आणि बालगंधर्वांचा लडिवाळ, पाझरणारा सूर यांत कोण सरस, ही चर्चा त्या रात्री सुरू झाली आणि त्यांना न ऐकलेल्या पिढ्यांनीही ती पुढे चालवली. केशवराव त्याच वर्षी गेले. पुन्हा तोलून पाहण्याची सोय काळाने ठेवली नाही. पण त्या रात्रीच्या आठवणी वाचताना एक गोष्ट मनात भरते. ज्यांनी केशवरावांना उचलून धरले त्यांनी बालगंधर्वांचीही पदे कान देऊन ऐकली, आणि वाद झाला तो पदांवर, तानांवर, जागांवर झाला. आपला माणूस कुठल्या गावचा, यावर नव्हे.

आपल्या मताची तपासणी इथूनच करायला हवी. स्पर्धा ऐन रंगात येते तेव्हा गावोगावी फलक लागतात, ‘आपल्या जिल्ह्याच्या लेकराला मत द्या’ अशी आवाहने होतात, शाळा, मंडळे आणि पुढारी उत्साहाने उतरतात. लेकराचे कौतुक गावाने करायचे नाही तर कोणी? वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटची वैशाली माडे मराठी ‘सा रे ग म प’ जिंकून पुढे हिंदीतही विजेती ठरली, तेव्हा विदर्भाने जो अभिमान मिरवला तो रास्तच होता. पण आज सायंकाळी आपण जी वेस ओलांडणार आहोत ती कानांनीही ओलांडली पाहिजे. लातूरकराने अलिबागच्या मुलीचे गाणे त्याच मायेने ऐकावे, आणि तिचे गाणे सरस झाले असेल तर तसे मोकळेपणाने म्हणावे. तिला मत पाठवावे, आणि आपल्या मुलाला दुसऱ्या दिवशी पेढा द्यावा. आपल्या गावचा हरला तरी चालेल, पण चांगले गाणे बिनमताचे राहता कामा नये, एवढा मोठेपणा महाराष्ट्राच्या रसिकाला जड नाही.

गाव सोडले तरी दुसरी एक ओढ उरते, ती कहाणीची. गाण्याआधी पडद्यावर घर दिसते, पत्र्याचे छप्पर दिसते, मोलमजुरी करणारी आई दिसते. डोळे ओले होतात आणि ओल्या डोळ्यांना सूर नेहमीच थोडा अधिक गोड लागतो. कष्टांची कदर झालीच पाहिजे. त्या आईला वंदनच केले पाहिजे. मात्र त्या मुलाचा सगळ्यांत मोठा मान कशात आहे? त्याच्या गरिबीसाठी नव्हे, तर त्याने अंतऱ्यात घेतलेल्या एका जागेसाठी आपण दाद द्यावी, यात आहे. मध्येच तो कणसूर झाला असेल तर तेही मनाशी नोंदवावे. दया दाखवून त्याला गायकाच्या पंगतीतून उठवू नये. उंच पट्टीत ताणून धरलेल्या शेवटच्या सुरावर आपण सगळे एकदम टाळ्या वाजवतो, त्याचेही असेच. तो सूर अवघड असतो खरा, पण त्याहून अवघड असते ती मुखड्याची पहिली ओळ. तिथे लपायला जागा नसते, वाद्ये थोडी असतात, आणि शब्द स्पष्ट, श्वास पुरेसा व सूर नेमका लागावा लागतो. पुढच्या वेळी आपण पहिल्या ओळीला दाद देऊन पाहावी. मंचावरच्या मुलांना ती ऐकू येणार नाही, पण शेजारी बसलेल्या आपल्या नातवंडाला येईल, आणि त्याचे ऐकणे तिथून घडू लागेल.

या स्पर्धांचा एक मोठा उपकार आपण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. संगीत नाटकांची पदे, आकाशवाणीच्या काळातली भावगीते, लावण्या, गवळणी, भारुडे, हा सारा ठेवा जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या कपाटात बंद होत चालला होता. तो या मुलांनी बाहेर काढला. ज्या घरात नाट्यपद लागले की तरुण उठून जात, त्या घरात दहा वर्षांच्या मुलाने गायलेले तेच पद तरुणांनी दोनदा ऐकले. मूळ गायकाशी तुलना होणारच. ती करावी, कारण तुलनेतूनच कान तयार होतो. फक्त लताबाई, आशाबाई किंवा बाबूजींच्या उंचीशी लहान मुलाला उभे करून त्याला खुजे ठरवू नये. मुलाने मूळ गाणे किती हुबेहूब उतरवले यापेक्षा त्याला ते किती समजले, हे पाहावे. हुबेहूब नक्कल पाठांतराने साधते, समज येण्यासाठी मात्र वर्षे लागतात.

आणि ती वर्षे आपण मुलांना देतो का? मुलगा तेरा-चौदाचा होतो, स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज फुटतो. काल काळी चार-पाचमध्ये सहज गाणारा मुलगा जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मधले महिने तर असे जातात की कोणता सूर लागेल याची त्यालाच खात्री नसते. नेमक्या त्याच काळात त्याच्याकडे कार्यक्रमांची आमंत्रणे येत असतात आणि लोक त्याच्याकडे तेच जुने गाणे, त्याच जुन्या आवाजात मागत असतात. जाणते गुरू त्या दिवसांत मुलाला खालच्या पट्टीत, हळू, थोडेच गाऊ देतात. श्रोत्यांनीही तसेच गुरू व्हायला हवे. ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. कोवळ्या रोपाची वाढ पाहण्यासाठी ते रोज उपटून पाहावे, तसे ते होते.

पंचरत्नांच्या बाबतीत आपले भाग्य असे की त्यांची वाढ आपण पाहू शकलो. रोहितचा आवाज बदलला, आणि बदललेल्या आवाजाने तो ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीपर्यंत गेला. आर्या २०१७ साली ‘ती सध्या काय करते’ या चित्रपटातून अभिनयातही आली, पण गाणे तिने सोडले नाही. २०२१ मध्ये त्याच मंचावर नव्या ‘लिटिल चॅम्प्स’समोर परीक्षणाच्या खुर्च्यांवर ही पाचही जणे बसली. २०२३ च्या डिसेंबरात प्रथमेश आणि मुग्धा यांचे लग्न झाले तेव्हा अनेक घरांना आपल्याच घरातले कार्य असल्यासारखे वाटले. ही माया खरी आहे. पण प्रत्येक पर्वात पाचांच्या मागे असे कितीतरी स्पर्धक असतात जे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच घरी परततात. त्यांची नावे आपण पुढच्या सोमवारी विसरतो. ती मुले गाणे विसरत नाहीत. ती पुन्हा गुरूंपुढे बसतात, रियाज करतात, संगीत विशारदच्या परीक्षा देतात, आणि तालुक्याच्या गावी गणपतीत, नवरात्रात गातात.

गाणाऱ्या मुलांच्या पाठीशी उभे राहणाऱ्या वादकांनाही विसरता कामा नये. कमलेश भडकमकर यांचे संगीत संयोजन, निलेश परब यांचा ढोलकी आणि तालवाद्यांवरचा हात, अर्चिस लेले यांचा तबला, अमर ओक यांची बासरी, सत्यजित प्रभू यांचा की-बोर्ड ही नावे ‘लिटिल चॅम्प्स’ने घराघरांत पोहोचवली. वादकाला नावाने ओळखणारा एवढा मोठा श्रोतृवर्ग मराठीने त्याआधी क्वचितच पाहिला असेल. मूल गडबडले तर त्याला समेवर अलगद आणून सोडणारे हात हेच होते. खंडेनवमीची पूजा वाद्यांना पोहोचते, तशी ती त्या वाजवणाऱ्या हातांनाही पोहोचली पाहिजे.

आता वीस दिवसांवर दिवाळी आहे. पहाटेच्या मैफलींचे फलक चौकाचौकांत लागू लागतील, आणि मोठ्या नावांच्या कार्यक्रमांना आपण गर्दी करूच. त्याबरोबर एक कार्यक्रम असाही निवडावा, जिथे एखाद्या जुन्या पर्वात लवकर बाद झालेली, आता विशीत आलेली मुलगी आपल्या शहरात, आपल्या मंडळाच्या मांडवात गाणार आहे. तिच्या कार्यक्रमाला वेळेवर जाऊन पुढच्या रांगेत बसावे. प्रवेशमूल्य असेल तर ते आनंदाने द्यावे, नसेल तर आयोजकांना मानधनाविषयी विचारावे आणि आपला वाटा उचलावा. पत्रिकेवर तबलजी आणि पेटीवाल्याचे नाव छापले नसेल तर पुढच्या वर्षी ते छापायला सांगावे. गाणे ऐकताना फोन खिशात ठेवावा. पहिली ओळ नीट लागली तर तिथेच दाद द्यावी, आणि कार्यक्रम संपल्यावर तिच्यापाशी जाऊन, त्या दिवशीचे कोणते गाणे आणि त्यातली नेमकी कोणती जागा आवडली, ते तिला सांगावे.