मोटारीचे मूळ गाव

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे म्हणतात. मोटारीचे मूळ गाव मात्र विचारावेच, अशा मताला मी अनुभवाने आलो आहे.

आमच्या काकांचे चादरींचे चार माग आहेत. दारात जर्मन गाडी असावी, ही त्यांची जुनी हौस. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून त्यांनी अशी एक वापरलेली आलिशान मोटार घेतली. नवीच्या चौथाई किमतीत मिळाली म्हणून घरी पेढे वाटले. पैसा चुलत बहिणीच्या पुण्यातील शिक्षणासाठी ठेवलेला होता, हे कोणी बोलून दाखवले नाही. (मीही नाही. मला पुढे बसून सात रस्त्याला चक्कर मारायची होती!)

पहिल्याच उन्हाळ्यात गाडी भर बाजारात बंद पडली. आमच्या मिस्त्रीने आतले कार्पेट उचलले, तर खाली वाळलेला गाळ. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर त्यावर पाण्याची रेघ. गाडी कधीतरी पुरात बुडालेली होती. अशा गाड्यांची विजेची नाजूक यंत्रणा बरीचशी सीटखाली, कार्पेटखाली असते. तिच्या जोडण्या ओलाव्याने हळूहळू गंजतात. म्हणून घेताना गाडी ठणठणीत आणि वर्षाने आजारी.

माझा मावसभाऊ टोरांटोला असतो. तो म्हणाला, "आम्ही गाडी घेताना आधी तिच्याखाली झोपतो." तिकडे बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी गाडीच्या बुडाला लागून पोलाद खाते. वरचा रंग आरशासारखा आणि ब्रेकच्या नळ्या कुजलेल्या!

आपल्या कोरड्या हवेत लोखंड त्या मानाने टिकते, म्हणून आपण निर्धास्त. पण गाडी काय सोलापुरातच वाढलेली असते? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. सोलापुरात वर्षभरातही सरासरी इतका पडत नाही. 2015 मध्ये चेन्नई बुडाली. पाण्याखाली गेलेल्या मोटारी धुऊनपुसून कुठे ना कुठे विकल्या जातातच. विम्याचे जुने दावे आणि सर्व्हिसचे कागद मागितले असते, तर काकांना पत्ता लागला असता.

विकणाऱ्याने फसवले हे खरे. पण माझ्या मते दोष एकट्या त्याचा नाही. जुनेपणाने गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही. पुण्याला नेऊन केलेल्या दुरुस्तीत गाडीच्या निम्म्या किमतीइतका खर्च झाला. सुताच्या भावात पैपैची घासाघीस करणाऱ्या काकांना हे कळत नव्हते थोडेच! पण बॉनेटवरचे चिन्ह दिसले आणि हिशेब सुटला.

चुलत बहिणीने यंदा आपल्याच महाविद्यालयात नाव घातले आहे. काका तिला रोज सोडायला येतात, स्कूटरवरून.