शेजारच्या आजींचे आजोबा

दिवाळीच्या फराळाचं ताट घेऊन शेजारच्या डच आजींकडे गेलो होतो. चकली मोडता मोडता त्या म्हणाल्या, "तू इंजिनीअर ना? मग एक कागद शोधून दे."

त्यांचे आजोबा जर्मनीतून आलेले. १९११ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये लग्न केलं. ते ज्यू होते का, यावर घरात कधी कुणी बोललं नाही. आजींना आठवतं ते इतकंच, की शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर पांढरं कापड यायचं. आजोबांचं नोंदणीकार्ड मात्र मिळत नाही.

मला आधी वाटलं, कुणा कारकुनाचा गलथानपणा. पण कार्ड मुद्दाम जाळलेलंही असू शकतं! २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार विलेम आरोन्डेयुस आणि त्याचे साथीदार पोलिसांच्या वेषात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरले आणि त्यांनी आग लावली. याच कार्डांवरून नाझी माणसं हुडकत होते. सुमारे १५ टक्के नोंदी नष्ट झाल्या. त्यापायी १२ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे आज आपल्याला अडवणारी पोकळी तेव्हा कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी केलेली होती.

आमच्या धंद्यात म्हणतात, एक प्रत गेली तर दुसरी कुठे आहे ते बघा. इथे लग्न नोंदवताना वधूवरांना जन्माचा दाखला जोडावा लागे, आणि ते जोडकागद वेगळे ठेवले जात. अ‍ॅमस्टरडॅमचे हार्लेमच्या प्रांतिक दप्तरखान्यात आहेत. तिथे आजोबांचा दाखला मिळाला : जन्म १८८६, वेस्टफालियातलं एक लहानसं गाव. त्या काळी प्रशियात जन्माच्या मूळ नोंदीत आईवडिलांचा धर्मही लिहीत. तेव्हा त्या गावच्या कचेरीला पत्र टाकलं आहे.

नुसत्या आडनावावर जाऊ नये, जर्मन आडनावं दोन्हीकडे सारखीच सापडतात. पांढरं कापडही पुरावा नव्हे, पण खूण आहे. आपल्या कोकणातले बेने इस्रायली सांगतात, की नवगावजवळ जहाज फुटलं आणि पूर्वजांचे ग्रंथ बुडाले. पण शनिवारी घाणा बंद ठेवायची चाल टिकली, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. कागद बुडाला तरी घरातली चाल तरते.

पत्र पेटीत टाकून परतताना मी म्हटलं, "आजी, आता उत्तर आलं की सुटलात." त्या थांबल्या. म्हणाल्या, "तसं नाही रे. ते ज्यू निघाले, तर त्यांच्या मागे राहिलेल्या भावंडांचं काय झालं, तेही मला शोधावं लागेल."

त्यासाठी जर्मनीत बाड आरोल्सेनला नाझींच्या बळींचा मोठा दप्तरखाना आहे, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मात्र बोललो नाही. उत्तर येऊ दे, मग आम्ही दोघं मिळून लिहू.