घरातच स्टुडिओ: गाणं रेकॉर्ड करणं सोपं झालं, पण कमाईचं काय?

२०२० च्या ग्रॅमी सोहळ्यात बिली आयलिशने चारही प्रमुख पुरस्कार जिंकले. तिचा तो अल्बम बहुतांशी लॉस एंजेलिसमधल्या घरी, भाऊ फिनिअसच्या बेडरूममध्ये तयार झाला होता.

सुरुवातीला काय लागतं?

कॉम्प्युटर, माईक, हेडफोन आणि ऑडिओ इंटरफेस. इंटरफेस म्हणजे माईकमधला आवाज डिजिटल करून कॉम्प्युटरला देणारी छोटी पेटी. कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची 'फँटम पॉवर' बहुतेक इंटरफेसमधूनच मिळते. सॉफ्टवेअर मोफत आहे: मॅकवर गॅरेजबँड, विंडोज किंवा लिनक्सवर ऑडॅसिटी.

आधी लक्ष कुठे द्यायचं?

महागड्या माईकआधी खोलीकडे. कंडेन्सर माईक पंखा, हॉर्न, भिंतींवरून परतणारा आवाज असं सगळं टिपतो. जाड पडदे, गाद्या, गोधड्या यांनी खोलीतला घुमारा कमी होतो. बाहेरचा गोंगाट मात्र त्यांनी थांबत नाही. त्यासाठी शांत वेळच निवडावी लागते.

पैसे मिळतात का?

खरी अडचण इथे आहे. मागच्या १२ महिन्यांत १००० वेळाही न ऐकलेल्या गाण्यांना स्पॉटिफाय २०२४ पासून रेकॉर्डिंगची रॉयल्टी देत नाही. दुसरीकडे, भारतात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला समान वाटा करार करूनही सोडून देता येत नाही. रेकॉर्डिंगची मालकी मात्र करारानं जाऊ शकते. घरी, स्वतःच्या खर्चानं केलेलं रेकॉर्डिंग सहसा स्वतःचंच असतं. म्हणून कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी हे कलम वाचणं माईक निवडण्याइतकंच महत्त्वाचं.