राक्षस कोणी बांधला?

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा डोके वर काढतो. शाळांतून, हॉटेलांतून, मोठ्या शहरांतील गृहसंकुलांतून ‘हॅलोवीन’ साजरा होतो आणि लगेच प्रश्न विचारला जातो : हा सण आपला आहे का? एक पक्ष परकीय संस्कृतीच्या आक्रमणाविषयी बोलतो, तर दुसरा जागतिकीकरणाच्या अपरिहार्यतेविषयी. दोन्ही पक्षांना भुताच्या जन्मदाखल्यात रस आहे. प्रस्तुत लेखकाला मात्र हा प्रश्नच दुय्यम वाटतो. भूत आयर्लंडातून आले की कोकणातून, यापेक्षा ते कोणी बांधले, कोणाच्या हातांनी आणि काय म्हणण्यासाठी बांधले, हे साहित्याच्या अभ्यासकाने आधी विचारायला हवे.

हॅलोवीनची एक बाजू आपल्या वादात कधीच येत नाही. अमेरिकेत मोटारीचा मागचा कप्पा उघडून त्यात गुहा, चाच्यांचे जहाज किंवा स्मशान उभारायचे, अशा मोटारी शाळेच्या किंवा चर्चच्या आवारात ओळीने लावायच्या आणि मुलांनी एकेका मोटारीपाशी जाऊन खाऊ मागायचा, अशी प्रथा गेल्या काही दशकांत रुजली आहे. १९८४ सालच्या ‘घोस्टबस्टर्स’ चित्रपटातील पांढऱ्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती करणारे हौशी गटही तिकडे आहेत. कित्येक संध्याकाळी मित्रांच्या सोबतीने गॅरेजमध्ये घालवायच्या, पत्रा कापायचा, रंग द्यायचा, आणि एका रात्रीपुरते ते वाहन रस्त्यावर आणायचे. उत्सवाचा हा भाग दुकानात विकत मिळत नाही. आपण आयात केला तो दुकानात मिळणारा भाग : प्लास्टिकचा भोपळा, तयार मुखवटा, काळा झगा. आक्षेप घ्यायचाच तर तो या निवडीवर घ्यावा.

आणि वाहनावर राक्षस बसवून तो गावातून फिरवण्याची कला आपल्याला कोणी शिकवावी लागेल, अशी परिस्थिती मुळीच नाही.

२

देवळाली कॅम्पमध्ये बसून या विषयावर लिहिण्यात एक औचित्य आहे. हे छावणीचे गाव. इंग्रजी राजवटीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई येथे महिनोन् महिने पडून राहत. त्या कंटाळ्यातून आणि उष्म्यातून जे मानसिक विकार जडत, त्यांतून गावाचे नावच इंग्रजी भाषेत ‘डूलॅली’ होऊन ‘वेडसर’ या अर्थाने शिरले. मूळ प्रयोगात त्याला आपला ‘ताप’ हा शब्दही जोडलेला होता. पण त्याच रिकाम्या वेळाने येथे करमणुकीची पथकेही जन्माला घातली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफखान्याच्या अशाच एका पथकात असलेल्या जिमी पेरी यांनी पुढे सहलेखनातून जी विनोदी मालिका बीबीसीसाठी रचली (१९७४ ते १९८१), तिची सुरुवातीची पार्श्वभूमी देवळालीच आहे. त्या मालिकेतील हिंदी माणसांचे चित्रण आज खटकते, आणि खटकावे असेच आहे. तरी एक गोष्ट उरते. रिकाम्या वेळेचे वेड होऊ नये म्हणून माणसे एकत्र येतात, सोंगे घेतात, हाताशी असलेल्या सामानातून रंगमंच उभा करतात.

या परिसराचे राक्षसांशी असलेले नाते तर त्याहून कितीतरी जुने. नाशिक हे नावच लोकपरंपरा शूर्पणखेच्या कापलेल्या नासिकेशी जोडते. कॅम्पातील टेकडीवर खंडोबा आहे, आणि खंडोबा म्हटले की मणि-मल्ल आलेच. त्या कथेत मणीला शरण आल्यावर देवाजवळ स्थान मिळते. जेजुरीला त्याची पूजाही होते. जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात आणि पलीकडे जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. संबळाच्या तालावर रात्रभर एकेक मुखवटा प्रकाशात येतो; गणपती येतो, सरस्वती येते, तसाच रावण येतो, महिषासुर येतो. कोकणच्या दशावतारातील संकासुर तर वेद चोरणारा असूनही प्रेक्षकांचा लाडका आहे. राक्षसाला हाकलण्यापूर्वी त्याला सन्मानाने रंगमंचावर आणावे लागते, ही समज आपल्या लोकरंगभूमीत मुरलेली आहे.

३

ही समज चाकांवर चढलेली पाहायची असेल तर दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात जावे. नरकचतुर्दशीची कथा आपण सारेच जाणतो. कोकणात आणि देशावर अनेक घरी त्या पहाटे अंगणात कारीट पायाखाली फोडतात. ते फुटलेले कडू फळ म्हणजे नरकासुर. अंगठ्याएवढ्या त्या राक्षसाचा गोव्यात दुमजली घराएवढा पुतळा होतो. वाड्यावाड्यातील तरुण कित्येक दिवस आधीपासून कामाला लागतात. लोखंडी किंवा बांबूचा सांगाडा, त्यावर गवत, जुनी वर्तमानपत्रे, गोणपाट, खळ, वर रंग, बेगड, कागदी दागिने, आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. पुतळा चाकांच्या गाड्यावर उभा राहतो. रात्रभर त्याची मिरवणूक आणि स्पर्धा चालते. पहाटे कृष्णाच्या वेशातील एखादा मुलगा किंवा कृष्णाची छोटीशी प्रतिमा पुढे येते आणि राक्षस पेटवला जातो. मग घरी अभ्यंगस्नान आणि पोह्यांचे निरनिराळे प्रकार.

या बांधणीत साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे असे पुष्कळ आहे. रस्त्यावरच्या विजेच्या तारा राक्षसाची उंची ठरवतात. गाड्याची रुंदी त्याच्या खांद्यांना मर्यादा घालते. हात हलवायचे तर आत दोरी ओढणारा कोणीतरी दडलेला हवा किंवा मोटर हवी, आणि मोटर हवी तर तिच्या वजनाचा हिशेब हवा. छंदाच्या बंधनातून ओळ घडते तशीच ही घडण आहे. शिवाय ही एका माणसाची कृती नसते. ज्याला वेल्डिंग येते तो सांगाडा करतो, ज्याचा हात चित्रकलेत चालतो तो डोळे काढतो, आणि ज्याला यातले काहीच येत नाही तो रात्री दोन वाजता चहा आणतो. डोळे कसे असावेत यावर भांडण होते आणि त्या भांडणातून राक्षसाचा चेहरा ठरतो. एककर्तृत्वाच्या कल्पनेवर वाढलेल्या आपल्या समीक्षेला हे सामूहिक कर्तृत्व नीट पकडता आलेले नाही. समाजाने मात्र त्याला केव्हाच नाव दिले आहे. आपल्या गल्लीगल्लीतील सार्वजनिक मंडळांच्या पाट्या पाहा. कितीतरी नावांच्या शेवटी ‘मित्र मंडळ’ हे दोन शब्द सापडतील. मैत्री हीच जेथे कर्त्याची सही आहे, असा दुसरा कलाप्रकार चटकन आठवत नाही.

४

नागपूरची मारबत हा या परंपरेचा सर्वांत साहित्यिक अवतार म्हणावा लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या या मिरवणुकीतील काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची असे मानले जाते. काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातील बांकाबाईंनी इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीशी जोडला जातो. रोगराई आणि इडापिडा गावाबाहेर नेणारी शक्ती हा तिचा दुसरा अर्थ. राजकीय निषेध आणि ग्रामरक्षणाचा विधी एकाच मूर्तीत नांदतात, आणि मिरवणुकीत चालणाऱ्याला त्यांतून एक निवडावा लागत नाही. अनेकार्थता शिकवायला याहून चांगले उदाहरण वर्गात क्वचितच मिळेल.

मारबतींबरोबर बडगे निघतात. बडग्या हा पुरुषी पुतळा, आणि तो त्या-त्या वर्षाचा असतो. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, नागरी गैरसोयी, जे काही लोकांच्या मनात सलत असेल त्याचा बडग्या होतो. त्याच्या अंगावर फलक असतो आणि फलकावर एक वाक्य असते. हे वाक्य कोण लिहिते, ते किती वेळा खोडले जाते, त्यात वऱ्हाडी किती येते आणि वर्तमानपत्री मराठी किती, यमक कोठे साधले जाते आणि शिवी कोठे गिळली जाते, याचा अभ्यास आपल्या विद्यापीठांतून किती झाला? संध्याकाळी पुतळा जळतो आणि त्याच्याबरोबर वाक्यही जळते. उपरोधाची सव्वाशेहून अधिक वर्षांची एक परंपरा अशी दरवर्षी राख होते. राख होणे हा तिचा धर्मच आहे. परंतु तिची नोंदही न राहणे ही आपली हेळसांड आहे.

आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासाने ओव्या, उखाणे, कहाण्या जपल्या. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे केलेल्या संकलनाचे ऋण कोणीही मान्य करील. पण गाता येते ते साहित्य आणि बांधले जाते ती कारागिरी, अशी एक अबोल वाटणी या साऱ्या व्यवहारात होऊन गेली. बडग्या या वाटणीच्या नेमक्या रेषेवर उभा आहे, म्हणून तो दोन्हीकडून निसटला.

५

आता चिंतेच्या मुद्द्याकडे यायला हवे. गोव्यात शिगम्याचे चित्ररथ आणि रोमटामेळ शहराशहरांतून निघतात. कार्निव्हलमध्ये किंग मोमोच्या स्वारीबरोबर चित्ररथांची मिरवणूक असते. तिचे आजचे संघटित रूप मुक्तीनंतरच्या काळातले, १९६० च्या दशकात घडलेले. शासनाचे साहाय्य आणि बक्षिसे यांमुळे या मिरवणुका मोठ्या झाल्या हे खरे आहे. मात्र स्पर्धा आली की परीक्षक येतो, परीक्षक आला की गुणपत्रिका येते, आणि गुणपत्रिकेबरोबर ‘विषय’ येतो. पर्यावरण वाचवा, मुलगी शिकवा, व्यसनमुक्ती. विषय चांगले आहेत. अडचण अशी की ते आधीच सर्वमान्य आहेत. ज्याच्याशी कोणाचाही मतभेद नाही असे वाक्य बोलण्यासाठी वीस फुटी राक्षस कशाला हवा?

यापुढची पायरी कंत्राटाची. पैसा जमला, वेळ उरला नाही, तेव्हा तयार मूर्ती आणि तयार देखावा भाड्याने आणावा, हे अनेक मंडळांना सोयीचे वाटू लागले आहे. व्यावसायिक कलावंतांविषयी येथे कसलाही अनादर नाही. प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीतील संचलनात महाराष्ट्राच्या ‘पंढरीची वारी’ या चित्ररथाला २०१५ मध्ये आणि ‘शिवराज्याभिषेक’ या चित्ररथाला २०१८ मध्ये पहिला क्रमांक मिळाला. त्यामागे उत्तम व्यावसायिक कसब होते. पण राज्याचा चित्ररथ हे राज्याचे निवेदन असते आणि ते निर्दोषच असावे लागते. गल्लीतल्या चित्ररथाने निर्दोष असण्याची गरज नाही, त्याने आपले असण्याची आहे. वाकडे नाक, एक डोळा मोठा, शुद्धलेखनाच्या दोन चुका, या त्याच्या खुणा आहेत. त्या पुसल्या की उरते ती आरास.

बाख्तीनने राबेलेवरील आपल्या ग्रंथात कार्निव्हलचे एक लक्षण सांगितले आहे : तेथे पाहणारा आणि करणारा असा भेद नसतो, लोक कार्निव्हल पाहत नाहीत, ते त्यात जगतात. कंत्राटी चित्ररथाने नेमका हा भेद परत आणला. बांधणारे मित्र आता गॅलरीत बसतात आणि भ्रमणध्वनीवर चित्रण करतात.

६

या भूमिकेवर तीन आक्षेप येतील आणि तिन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला गोंगाटाचा. रात्रभर चालणाऱ्या कर्कश संगीताचे समर्थन करता येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत आणि ते पाळले जावेत. मात्र हा दोष भाड्याने आणलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीचा आहे; खळ आणि कागदाने आजवर कोणाची झोप मोडलेली नाही. दुसरा आक्षेप कचऱ्याचा. तोही खरा, आणि त्याचे उत्तर जुन्या सामानातच आहे : बांबू, गवत, कागद, माती.

तिसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. नरकासुराचा पुतळा प्रचंड आणि कृष्ण वीतभर, याने असुराचेच उदात्तीकरण होत नाही का? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय पुन्हा उघडावा. पहिल्या नाट्यप्रयोगाचा विषयच दैत्यांचा पराभव हा होता. ते पाहून दैत्य संतापले आणि त्यांनी प्रयोग उधळला. तेव्हा ब्रह्मदेवाने त्यांची समजूत घातली ती अशी, की नाट्य हे केवळ देवांचे किंवा केवळ तुमचे नाही, त्रैलोक्यातील सर्व भावांचे ते अनुकीर्तन आहे. आपल्या नाट्यविचाराच्या आरंभीच असुराच्या तक्रारीला जागा आहे. भयानक रसाला आलंबन विभाव लागतो आणि तो दुबळा असून चालत नाही. वीतभर कृष्णाने दुमजली राक्षसाला जाळावे यातच कथेचे बळ आहे. राक्षस लहान केला तर लहान होईल तो विजय.

७

म्हणून साहित्याच्या शिक्षकांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवावासा वाटतो. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना पुस्तकांतील ओव्या पुन्हा उतरवायला सांगण्याऐवजी एखाद्या वर्षी त्यांना बांधणीच्या जागी पाठवावे. नागपूरच्या विद्यार्थ्यांनी बडग्यांवरील वाक्ये टिपावीत, गोव्याच्या विद्यार्थ्यांनी नरकासुराच्या सांगाड्याशी बसलेल्यांची भांडणे ऐकावीत, आणि आमच्या नाशिककडच्यांनी बोहाड्याच्या मुखवट्यांना रंग देणाऱ्यांशी बोलावे. कोणी काय सुचवले, काय नाकारले गेले, शेवटी काय ठरले, याची वर्षवार नोंद ठेवावी. दहा वर्षांत प्रत्येक विभागाकडे एक असा संग्रह तयार होईल, जो आज कोणत्याही ग्रंथालयात नाही.

आणि देवळालीतील चार मित्रांना उद्या एखाद्या जुन्या जीपवर हॅलोवीनचा वेताळ बसवावासा वाटला, तर त्यांना परकीय म्हणून हिणवू नये. त्यांना एवढेच विचारावे, की वेताळाचा चेहरा तुम्ही कोणावरून घेतला, आणि त्याच्या फलकावर काय लिहिणार आहात? या प्रश्नाचे उत्तर त्यांना शोधावे लागले, त्यावर त्यांच्यात भांडण झाले, तर तो वेताळ मराठी झालाच म्हणून समजावे.