लॉगबुकात न चढणारी मिनिटे

पावसाळा ओसरला की बारामती, गोंदिया, शिरपूरच्या धावपट्ट्यांवर सॉर्टींची रीघ लागते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास हवेत आणि चार महिने ढगांनी खाल्लेले असतात, तेव्हा घाई समजण्यासारखी आहे. पण विमानाकडे सर्वाधिक संशयाने पाहावे असेही हेच दिवस. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी धरते, झाकणाचे रबर कडक झाले असेल तर पावसाचेही झिरपते. चार दिवस उभ्या असलेल्या विमानाच्या पिटो ट्यूबमध्ये कुंभारीण माशी चिखलाचे घर करून जाते.

पाणी जड, ते तळाशी बसते, हे पहिल्या आठवड्यातला विद्यार्थीही सांगतो. पण ड्रेन केलेल्या कपात सगळे पाणीच आले तर? मग दोन थरांमधली रेषा दिसत नाही, तळाशी थेंब दिसत नाही. नमुना ‘स्वच्छ’ ठरतो आणि ओतून दिला जातो. एव्हगॅस १०० एलएलला निळसर रंग दिला आहे तो ओळख पटावी म्हणूनच. कप पांढऱ्या पंखासमोर धरून रंग पाहायचा, वास घ्यायचा. जेट इंधनावर चालणाऱ्या डायमंडला ही निळी खूण नाही, तिथे जास्तच सावध राहावे लागते. किती जण कप खरोखर उजेडात धरतात, हे कोणत्याही सकाळी अ‍ॅप्रनवर उभे राहून पाहावे.

तपासणीतली ढिलाई नवख्यांची असते, हा समज मात्र सोडायला हवा. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथे एक गल्फस्ट्रीम जेट टेकऑफच्या धावेत वर उठलेच नाही. धावपट्टी संपवून ते पुढच्या नाल्यात गेले, पेटले आणि आतले सातही जण दगावले. विमान उभे असताना वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून लावायचा गस्ट लॉक काढलेलाच नव्हता. लॉक लागलेला असताना थ्रॉटल पुढे जाऊ नये अशी रचना होती, तीही अपेक्षेप्रमाणे चालली नाही. दोन्ही वैमानिक अनुभवी, वर्षानुवर्षे एकत्र उडणारे. तपासात त्यांच्या आधीच्या १७५ टेकऑफची नोंद पाहिली, तेव्हा ९८ टक्के वेळा कंट्रोलची पूर्ण तपासणी झालीच नव्हती असे निघाले. दरवेळी काही बिघडले नाही, म्हणून सवय पक्की होत गेली.

चेकलिस्टचा जन्मच या लॉकपायी झाला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतील राइट फील्डवर बोइंग मॉडेल २९९ याच कारणाने कोसळले आणि दोन कसलेले चाचणी वैमानिक गेले. जवळपास ऐंशी वर्षांनी तीच चूक, तीही कागद हाताशी असताना.

आपल्या सेसनाचा लॉक साधा: योकमध्ये घालायची सळई आणि तिला इग्निशन स्विच झाकणारी लाल पट्टी. ती हरवली की तिच्या जागी खिळा किंवा बोल्ट येतो. त्याला ना पट्टी, ना रंग. असा खिळा कॉकपिटमध्ये दिसला तर तो काढून फेकावा आणि मूळ लॉक येईपर्यंत हँगर व्यवस्थापकाला झोपू देऊ नये. लॉक निघाल्यावरही ‘कंट्रोल्स फ्री’ एवढे पुटपुटून भागत नाही. योकवर अंगठा वर ठेवून तो वळवावा. अंगठा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूचा एलेरॉन वर गेलेला डोळ्यांनी पाहावा. देखभालीत केबल उलट्या जोडल्या गेल्या असतील, तर ते जमिनीवर कळण्याची ही शेवटची संधी.

हे सगळे शिकवले जाते. तरी गळते, याचे कारण आमच्या मते शिस्तीत कमी आणि हिशेबात जास्त आहे. विमान उड्डाणासाठी स्वतःच्या ताकदीने हलले की तास मोजायला सुरुवात होते. त्याआधीची मिनिटे विद्यार्थ्याच्या लॉगबुकात चढत नाहीत आणि तासावर मानधन घेणाऱ्या प्रशिक्षकाच्या पदरातही पडत नाहीत. दिवसाच्या चौथ्या सॉर्टीला ‘आत्ताच तर उतरलंय’ म्हणून विमानाभोवतीची फेरी निम्म्यावर येते, ती यामुळेच. वेळापत्रकात दोन सॉर्टींमध्ये तपासणीसाठी वेगळा वेळ राखलेला नसेल, तर भिंतीवरच्या सुरक्षा फलकांचा खर्च वाचवलेला बरा.

आणखी एक सुचवतो. देखभालीसाठी बाजूला काढलेल्या विमानावर प्रशिक्षकाने मुद्दाम दोष पेरावेत आणि विद्यार्थ्यांना शोधायला लावावेत. स्टॅटिक पोर्टवर धातूच्याच रंगाची चिकटपट्टी लावून पाहा. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ वर धुलाईनंतर अशीच पट्टी राहिली होती. फेरी मारणाऱ्या वैमानिकाला ती दिसली नाही. उंची आणि वेग सांगणारी उपकरणे खोटे बोलत राहिली, आणि रात्रीच्या समुद्रात ७० जण गेले. पेरलेला प्रत्येक दोष नोंदवून, मोजून काढायचा, हे वेगळे सांगायला नकोच.

विद्यार्थ्याने विमान नाकारले तर काय होते, हे संस्थांनी स्वतःला विचारावे. सॉर्टी बुडते, चीफ इन्स्ट्रक्टर कपाळाला आठ्या घालतो, पुढचा खोळंबतो. विद्यार्थी हे एकदा पाहतो आणि पुढच्या वेळी गप्प बसतो. नाकारलेल्या विमानांची वही प्रत्येक संस्थेने ठेवावी: काय दिसले, नंतर काय निघाले. संशय खोटा ठरला तरी नोंद राहावी. अशा नोंदी आमच्याकडे पाठवा. माणसाचे, संस्थेचे आणि विमानाचे नाव गाळून आम्ही त्या या पानाशेजारी छापू.